माझ्या वाट्याची सात पानं

मतदार यादीच्या एका पानावर ३० नावं असतात. दहा ओळी, प्रत्येक ओळीत तीन चौकोन. २०२३ च्या मार्चमध्ये, कर्नाटक विधानसभेच्या निवडणुकीसाठी, अशी सात पानं माझ्या वाट्याला आली आणि १० मेच्या संध्याकाळपर्यंत माझं शिलाई मशीन जवळजवळ बंदच राहिलं. त्या दिवसांत काय काय केलं, कुठं चुकलं, ते लिहून ठेवते आहे. आमच्याकडं सभांचे फोटो निघतात, भाषणं छापून येतात. घरोघरी फिरणाऱ्या बायकांचं काम कुठंच नोंदलं जात नाही.

माझं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातलं. सासर कर्नाटकात, बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, वेंगुर्ला रस्ता सोडून थोडं आत. माहेरच्या जत्रेला सकाळी जाऊन रात्री घरी परतता येतं, मधे शिनोळी लागते आणि तिथं राज्य बदलतं. लग्न होऊन आले त्या वर्षी ग्रामपंचायतीकडून जमिनीसंबंधी एक कागद आला. पूर्ण कन्नडमध्ये. घरातल्या कुणालाच तो वाचता येईना. सासऱ्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि माणूस थांबलाय म्हणून सही करून दिला. मी बारावी झालेली, वर्गात पहिली येणारी मुलगी, आणि चुलीपाशी बसून बघत होते. इथं येऊन मी निरक्षर झाले, असं त्या दिवशी वाटलं. जिथं १५ टक्क्यांहून जास्त लोक भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजेत, असा नियम आहे हे मला फार नंतर कळलं. आमच्या गावात तर घरटी मराठी. आमचा मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कामाला का लागलीस, असं कुणी विचारलं तर मी त्या कागदाची गोष्ट सांगते.

आमच्याकडं निवडणूक देवळात सुरू होते. ग्रामदैवताला गाऱ्हाणं घालायचं, नारळ वाढवायचा, मग देवळाच्या मंडपात सतरंजी टाकून बैठक. त्या दिवशी चाळीसएक पुरुष आणि दाराजवळ आम्ही तिघी. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, उठून उभे राहिले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात ते पंचविशीचे होते. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातात, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी, निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत अजून सायकल घेऊन असतात. ते म्हणाले, "घोषणा द्यायला हजार माणूस येतंय. मतं मोजताना ते कुठं जातंय? २०१३ ला बेळगाव दक्षिण आणि खानापूर, दोन जागा आल्या. २०१८ ला एकबी न्हाई. दोष दुसऱ्याला देऊ नगासा. आपल्यात फूट पडली आणि आपुन घरोघरी गेलो न्हाई." मग त्यांनी मंडपभर बघितलं आणि विचारलं, "बायकांच्यात कोण जानार?"

कुणी बोलेना. यादीत निम्मी मतं बायकांची, आणि इतक्या वर्षांत त्यांच्याकडं मत मागायला गेले ते त्यांच्या नवऱ्यांशी ओट्यावर बोलून परत आलेले. माझ्या पुतणीनं माझा हात धरून वर केला. ती बीकॉमला, १९ वर्षांची, पहिल्यांदा मत देणारी. तिचं धाडस माझ्या हातानं वर गेलं, असंच म्हणायला हवं.

चार दिवसांनी यादी आली. आमच्या हाती पडलेली प्रत कन्नडमधली होती. कार्यकर्त्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्या कुणाला ती वाचता येईना. पुतणी मराठी माध्यमात शिकलेली, पण शाळेत कन्नड विषय घ्यावाच लागतो, त्यामुळं तिला घडाघडा येतं. रात्री भांडी आवरल्यावर आम्ही दोघी बसायचो. ती वाचायची, मी दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून घ्यायची. अनुक्रमांक, नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, घर नंबर, वय. आबा एके रात्री ऐकत बसले. नातीच्या तोंडून एकामागून एक गावची नावं येत होती, आणि ती कन्नडमधून वाचली जात होती. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "शिकलीस ते बरं केलंस. आमचं भांडान भाषेशी न्हवतं बघ, सक्तीशी हुतं."

यादी उतरवणं म्हणजे नुसतं नक्कल करणं आहे असं मला वाटलं होतं. तीन रात्रीत लक्षात आलं की गाव जसं आहे तसं यादीत नसतं. मेलेली माणसं यादीत जिवंत होती. लग्न होऊन गेलेल्या मुली अजून बापाच्या घरी होत्या. माझ्यासारख्या सीमेपलीकडून आलेल्या दोन नव्या सुनांची नावं माहेरच्या यादीत अडकलेली. १८ पुरी झालेली पाच पोरं कुठंच नव्हती. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायचा तर नमुना ८. निवडणूक जाहीर झाली २९ मार्चला, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आलेले अर्ज या मतदानासाठी धरले जाणार नव्हते. म्हणजे हाताशी दहा-बारा दिवस. प्रचाराला निघण्याआधीच आम्ही सात नावं यादीत घातली. माझ्या मते त्या दोन महिन्यांतलं सगळ्यात पक्कं काम तेच झालं.

मग घरं. पहिल्या फेरीत पत्रक न्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पत्रक हातात दिलं की बाई ते कॅलेंडरच्या मागं खोचते आणि बोलणं संपतं. त्यापेक्षा दुपारी तीनच्या सुमाराला जायचं, ती तांदूळ निवडत असेल तर आपणही सुपाला हात लावायचा. बायका समोर बघून बोलत नाहीत, हाताला काम असलं की बोलतात. कुणाचं शेत रिंगरोडच्या आखणीत जाणार म्हणून झोप उडालेली. कुणी म्हणालं, राकसकोपचं धरण आमच्या उशाला, पाणी जातं बेळगाव शहराला, आणि आमच्या नळाला मे महिन्यात तीन दिवसांनी पाणी. शिनोळीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोरीनं सांगितलं की संध्याकाळची बस चुकली तर अंधारात चालत यावं लागतं. सीमाप्रश्न कुणीच आपणहून काढला नाही. मी काढला की डोळ्यांत पाणी मात्र यायचं. एका मावशींनी सीमालढ्यात शेतसारा भरायचा नाही असं ठरलं त्या साराबंदीच्या काळात त्यांच्या घरातली भांडी कशी जप्त करून नेली ते सांगितलं. सासूकडून ऐकलेलं, पण स्वतः बघितल्यासारखं.

हे मी सगळं वहीत लिहीत गेले. नावापुढं पेन्सिलीनं खूण: आपलं घर, दुसऱ्याचं घर, नक्की नाही. इथं माझी मोठी चूक झाली, ती पुढं सांगते.

सगळ्यात अवघड प्रश्न माझ्या शेजारणीनं विचारला. तिचा नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत होता, काम सुटल्यापासून घरीच. गल्लीत तेव्हा एका पक्षाची हमीपत्रं वाटली गेली होती, घरच्या कर्त्या बाईला महिन्याला २,००० रुपये. दुसऱ्या कुणाकडून कुकर आले होते. ती म्हणाली, "वैनी, तुमची समिती मला काय देनार, सांगा. मी समितीचाच हाय. पर दोन हजारात माझ्या पोरीची फी जाती."

आमच्याकडं बाया अशाच बोलतात, 'मी आलो, मी गेलो', माहेरीही तसंच.

मी तिला काय सांगणार? कुकर घेऊन मत आपल्याला घाला, असं काही कार्यकर्ते सांगत फिरत होते. मला ते पटलं नाही. कुकर घेतलेली बाई मनातून बांधली जाते, तिला खोटं वागायला सांगणं म्हणजे तिच्यावर दुहेरी ओझं टाकणं. आणि २,००० रुपये ही काही लाच नव्हती, उघडपणे जाहीर केलेलं आश्वासन होतं. शेवटी मी तिला खरं तेच सांगितलं. समितीचे चार-पाच आमदार आले तरी बेंगळुरूत २२४ जणांच्या सभागृहात सरकार आपलं येणार नाही. पैसे देणं आपल्या हातात नाही. पण तुझ्या जमिनीचा कागद तुला वाचता आला पाहिजे हे तिथं उभं राहून बोलणारा माणूस दुसरा कुठला पक्ष देणार नाही. महाराष्ट्रानं सीमाभागासाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून पडून आहे, आणि आमच्यातून कुणी निवडूनच आला नाही तर लोकांची इच्छाच उरली नाही असं म्हणायला जग मोकळं.

तिनं ऐकून घेतलं. चहा केला. "बघूया म्हना," म्हणाली. मी तिच्या नावापुढं 'आपलं घर' अशी खूण केली.

उमेदवार ठरायला आमच्यात नेहमीच वेळ लागतो. यावेळी एकच नाव पुढं आलं, हीच मोठी गोष्ट होती. पण समितीला आयोगाची मान्यता नसल्यानं आमचा माणूस कागदोपत्री अपक्ष. ज्यांना फूल किंवा हात मिळालेला आहे त्यांना चिन्ह सांगावं लागत नाही. आम्हाला ते माघारीच्या दिवशी, २४ एप्रिलला मिळालं. मतदान १० मेला, आणि जाहीर प्रचार ४८ तास आधी बंद. म्हणजे गावोगावच्या आजीबाईंच्या डोक्यात एक नवं चित्र बसवायला फक्त दोन आठवडे. पुढच्या निवडणुकीत चिन्ह वेगळंच असेल, म्हणून कोणतं होतं ते इथं लिहीत नाही. त्यात यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांची नावं आधी, मग नोंदणीकृत पक्ष, अपक्ष सगळ्यात शेवटी. वर शोधणाऱ्या बाईला आमचं नाव दिसतच नाही. पुतणीनं पुठ्ठ्यावर यंत्रासारखं चित्र काढलं, रेघा आखल्या, आमच्या जागी उमेदवाराचा छोटा फोटो चिकटवला, बाकी रिकामं. रात्री नऊला गल्लीतल्या आठ-दहा जणींना ओट्यावर बसवून ती बोट ठेवायला लावायची. "वर बघू नका काकी, खालून मोजा." तिसऱ्या दिवशी लहान पोरं सुद्धा खालून मोजत होती. मत दिल्यावर काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, तोवर हलायचं नाही, हेही सांगितलं.

पदयात्रेचं फार लिहित नाही. हलगी होती, भगवे फेटे होते, दारोदारी औक्षण झालं. उमेदवार आमच्या गल्लीत चाळीस मिनिटं होते आणि त्यातली तीस फोटोत गेली. जेवण मात्र कुणाच्या पैशानं नव्हतं. घरची भाकरी खाऊन काम करायचं ही आमच्याकडची जुनी रीत, ती पाळली गेली. प्रत्येक घरातून चार-चार भाकऱ्या, झुणका, कांदा. त्या भाकऱ्या गोळा करताना जेवढी घरं मला मनानं आपली वाटली तेवढी कुठल्या सभेत वाटली नाहीत.

खरा कस लागला तो गावाबाहेरच्या मतांना. माझ्या सात पानांतली २८ माणसं बाहेर होती. गोव्याला हॉटेलात, पुण्यात, कोल्हापूरला, दोघं मुंबईला. गाव मोकळं होतं ते पोटासाठी, आणि मतदान येतं ऐन लग्नसराईत. मी रोज रात्री पाच जणांना फोन करायचे. पहिल्या फोनला सगळे 'येतो' म्हणतात. दुसऱ्या फोनला सुट्टीची अडचण निघते. तिसरा फोन मी त्यांना करत नव्हते, त्यांच्या आईच्या हातात फोन देत होते. २८ पैकी १९ आले. गाडी पाठवा म्हणणाऱ्यांना सांगावं लागलं की मतदारांना उमेदवारातर्फे फुकट गाडीनं आणणं हा गुन्हा आहे, त्यानं निवडूनही आलं तरी निवड रद्द होऊ शकते. हे आमच्याच काही तरुणांना पटत नव्हतं, कारण दुसरे आणत होते. आबांनी एका वाक्यात वाद मिटवला: "दुसऱ्यानं चोरी केली म्हनून आपुन दार मोडायचं?"

यादीत ८० च्या पुढच्या चार जणी होत्या. त्या वर्षी घरून मत देण्याची सोय झाली होती, १२डी नमुना भरला की अधिकारी घरी येणार. तीन आजींनी भरला. चौथी आमच्या मागल्या आळीतली, कंबरेतून वाकलेली. तिनं फॉर्म परत दिला. "घरात बसून कसलं मत? मी येतो बघ. मला चार मान्सात बोट दाखवायचं हाय." तिचा नातू स्वतःच्या मोटारसायकलवर तिला मधे बसवून, मागं तिची लेक, असं घेऊन आला.

मतदानाच्या दिवशी मी बूथवर समितीची एजंट होते. पहाटे साडेपाचला शाळेत हजर. आधी खोटं मतदान घेतात, निदान ५० मतं टाकून यंत्र बरोबर मोजतं का ते सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर बघतात, मग ते पुसून यंत्र सील. त्या सीलच्या पट्टीवर माझी सही आहे. मराठीतली. सात वाजता दार उघडलं तेव्हा बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा लांब होती. वर्गात भिंतीवर मराठी बाराखडी होती, तिच्याखाली बसून मी दिवसभर नावं ऐकली. अधिकारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचायचे, मी वहीत रेघ मारायची. दुपारी दोनला राहिलेल्यांची यादी चिठ्ठीवर लिहून बाहेर पुतणीकडं पाठवली. आमचं टेबल शाळेपासून २०० मीटर लांब, नियमाप्रमाणं. तिथून दोन पोरं सायकलवर निघायची. एक सून शेतात होती, धूळवाफ पेरणीसाठी रान तयार करत. मातीच्या हातांनी आली, नळावर पाय धुतले आणि आत गेली. सहा वाजता दार बंद झालं, पडलेल्या मतांचा हिशेब असलेली १७सी ची प्रत घेतली. घरी येऊन भिंतीला टेकून बसले ती तिथंच झोपले.

१३ मेला मोजणी बेळगावात, टिळकवाडीच्या आर.पी.डी. कॉलेजात. आबा सकाळीच गेले. दुपारी एकला फोन आला तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मागचा गलका ऐकून मला कळलं तो आमचा नाही. समितीची त्या वर्षी एकही जागा आली नाही. आबा संध्याकाळी बसनं आले, पिशवीतला गुलालाचा पुडा तसाच. तो त्यांनी देवळात ठेवला, म्हणाले, गणपतीला उपयोगी पडेल. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी मोठ्यानं टीव्ही लावला नाही.

नंतर बूथवार आकडे मिळाले. आमच्या बूथवर समिती पुढं होती. पण बूथची पानं वाटून घेतलेल्या आम्ही पाच जणींनी पेन्सिलीनं केलेल्या 'आपलं घर' या खुणांची बेरीज आणि पडलेली मतं यांच्यात शंभराहून जास्तीचा फरक होता. मला हार जितकी लागली त्याहून हा फरक जास्त लागला. हार कशानंही होते. हा फरक आमच्या हातचा होता. ज्या घरात चहा मिळाला, जिथं कुणी डोळे पुसले, जिथं 'बघूया म्हना' ऐकलं, तिथं आम्ही खूण केली होती. बाईनं काय सांगितलं ते आम्ही लिहिलंच नव्हतं, आम्हाला काय ऐकायचं होतं ते लिहिलं होतं. 'नक्की नाही' या रकान्यात माझ्या सात पानांत फक्त सहा नावं होती. खरं तर तिथं साठ असायला हवी होती, आणि त्या साठ घरांत मी तीनदा जायला हवं होतं. आपल्याच घरांत पुन्हा पुन्हा जाऊन आम्ही उन्हाळा घालवला.

दुसरं असं की आम्ही निवडणुकीआधी दोन महिने उगवलो. पाण्यासाठी पंचायतीवर बायका गेल्या होत्या त्या दिवशी आमच्यातलं कुणी त्यांच्याबरोबर नव्हतं. मग मेमध्ये येऊन धरणाचं पाणी कुठं जातं ते सांगून काय होणार?

जूनमध्ये पाऊस लागल्यावर शेजारीण ब्लाउजपीस घेऊन आली. माप घेताना, माझ्याकडं पाठ असताना, म्हणाली, "वैनी, मी तिकडं घातलो. तुमास्नी सांगितल्याबिगार ऱ्हावेना." मी टेप तसाच धरून उभी राहिले. राग आला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. पण तिनं येऊन सांगितलं, आणि गावात असं सांगणारी ती एकटीच. पुढं ऑगस्टअखेरीस ती योजना सुरू झाली. पैसे तिच्या खात्यावर आले तसे माझ्याही आले. तिनं त्यातून पोरीची फी भरली, मी मशीनची मोटर बदलली.

वही अजून आहे. पुतणीनं तिला खाकी कव्हर घातलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी ती काढतो, कोण गेलं, कोण आलं, कुणाचं लग्न झालं ते लिहितो. आता वर्षातून चार तारखांना, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी, १८ पूर्ण झालेल्यांना नाव घालता येतं, त्यामुळं थांबून राहावं लागत नाही. पाण्याच्या अर्जावर सह्या घ्यायला निघतो तेव्हा हीच वही बरोबर असते.

गेल्या खेपेला शेजारीण तिच्या मुलीला घेऊन आली. पोरगी नुकतीच १८ ची झालेली. नमुना ६ कन्नड आणि इंग्रजीत होता. पुतणी वाचून दाखवायला पुढं झाली, तर पोरगी म्हणाली, "मला येतंय आक्का," आणि खाली मान घालून सगळा फॉर्म कन्नडमध्ये भरला. खाली सही मराठीत केली. तिची आई दारातूनच म्हणाली, "हिचं मत समितीलाच हाय, लिवा."

मी वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहिलं, घर नंबर लिहिला. पुढचा रकाना रिकामा ठेवला.